वाचकांचे प्रश्न : दुसऱ्यांदा बायपास करावी का?

गेल्या अंकात बायपासनंतरच्या (म्हणजे हृदयाच्या अडथळा आलेल्या धमनीला शरीरातलीच दुसरी रक्तवाहिनी जोडून रक्ताला नवी वाट करून देण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या) पहिल्या वर्षाविषयी लिहिले होते. त्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी एकाच काळजीची निघाली. पहिल्या शस्त्रक्रियेला दहा, पंधरा, वीस वर्षे झाली आहेत, छातीत पुन्हा दुखू लागले आहे आणि डॉक्टरांनी दुसऱ्या बायपासचा विषय काढला आहे. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली असून पत्रांतील मजकूर थोडक्यात दिला आहे.

प्रश्न : माझे वडील ६९ वर्षांचे आहेत. सतरा वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली. त्या वेळी छातीतील एक रक्तवाहिनी आणि पायाच्या दोन शिरा वापरल्या होत्या. गेल्या चार महिन्यांपासून मळ्यातून घराकडे येणारा चढ चढताना त्यांची छाती भरून येते, दोन मिनिटे थांबले की बरे वाटते. अँजिओग्राफीत पायाची एक शीर पूर्ण बंद, दुसरी नव्वद टक्के बंद आणि छातीची रक्तवाहिनी व्यवस्थित चालू असल्याचे दिसले. एका डॉक्टरांनी दुसरी बायपास सुचवली, दुसऱ्यांनी स्टेंट, तर तिसरे म्हणाले की आधी औषधे वाढवून पाहू. नातेवाईक म्हणतात, दुसऱ्यांदा छाती उघडली की माणूस घरी येत नाही. कोणाचे ऐकावे? (सांगली जिल्हा)

उत्तर : नातेवाइकांचे म्हणणे आधी बाजूला ठेवू, कारण ते खरे नाही. दुसऱ्या बायपासचा धोका पहिलीपेक्षा जास्त असतो, हे निश्चित. परंतु ठरवून, पूर्ण तयारीनिशी केलेल्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर शंभरांतील नव्वदांहून बरेच अधिक रुग्ण घरी जातात. आकडे पुढच्या उत्तरात दिले आहेत.

आता तीन डॉक्टरांकडे वळू. त्यांची मते परस्परविरोधी आहेत असे आपल्याला वाटत असले, तरी मला ते तसे दिसत नाही. आपल्या वडिलांच्या अहवालातील सर्वांत महत्त्वाची ओळ बंद शिरांविषयीची नसून, छातीची रक्तवाहिनी चालू आहे, ही आहे. ही रोहिणी (हृदयाकडून शुद्ध रक्त नेणारी वाहिनी) छातीच्या पिंजऱ्याच्या आतल्या बाजूने, उरोस्थीच्या डाव्या कडेने खाली उतरते. डॉक्टर तिला 'लिमा' म्हणतात आणि बहुतेक वेळा ती हृदयाच्या पुढच्या मोठ्या धमनीला, म्हणजे 'एलएडी'ला जोडलेली असते. डाव्या कप्प्याच्या स्नायूला मिळणाऱ्या रक्ताचा जवळजवळ निम्मा वाटा ही एकटी धमनी उचलते. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या शल्यचिकित्सकांनी १९८६ मध्ये आपल्या रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला, तेव्हा या धमनीला छातीची रोहिणी जोडलेले रुग्ण केवळ पायाच्या शिरा जोडलेल्या रुग्णांपेक्षा अधिक जगतात, हे स्पष्ट झाले. तेव्हापासून ही जोडणी बायपासचा कणा मानली जाते. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या एका पाहणीत दहा वर्षांनी पायाच्या शिरांपैकी ६१ टक्के, तर छातीच्या रोहिणीच्या जोडण्यांपैकी ८५ टक्के चालू आढळल्या. अशा शिरेने सतरा वर्षे साथ दिली, तर तिने आपले काम केले असेच मी म्हणेन.

याचा अर्थ असा की बायपासमुळे आयुष्य वाढण्याचा जो मोठा लाभ असतो, तो आपल्या वडिलांना आजही मिळतो आहे. दुसऱ्या शस्त्रक्रियेतून मिळायचे ते मुख्यतः छातीतल्या दुखण्यापासून सुटका, आणि तेवढ्यासाठी पत्करायचा धोका मात्र मोठा. त्यातच एक अडचण अशी की, ही चालू असलेली रोहिणी दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी नेमकी उरोस्थीच्या मागे असते, कधी कधी हाडाला चिकटलेलीही असते. हाड कापताना तिला इजा झाली, तर हृदयाचा ज्यावर सर्वाधिक भार आहे तोच आधार त्या क्षणी जातो. म्हणूनच युरोपातील मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात की छातीची रोहिणी चालू असेल आणि धमन्यांची रचना अनुकूल असेल, तर दुसऱ्या बायपासपेक्षा स्टेंटचा विचार आधी व्हावा. पहिली बायपास झालेल्या, औषधांना दाद न देणाऱ्या आणि शस्त्रक्रियेचा धोका अधिक असलेल्या रुग्णांची दुसरी बायपास आणि अँजिओप्लास्टी (फुगा किंवा स्टेंटने धमनी उघडणे) अशी थेट तुलना अमेरिकेत 'ऑसम' या नावाच्या चाचणीत झाली होती. तीत तीन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले.

स्टेंटबद्दल एक गोष्ट मात्र विचारून घ्या. तो जुन्या शिरेत बसवणार की हृदयाच्या मूळ धमनीत? सतरा वर्षांच्या शिरेच्या आतला थर मऊ आणि भुसभुशीत असतो. फुगा फुगवला की त्याचे कण सुटून पुढच्या बारीक वाहिन्यांत अडकतात आणि रक्त असूनही स्नायूपर्यंत पोहोचत नाही. कण अडवणारी बारीक जाळी वापरून हा धोका कमी करता येतो, परंतु मूळ धमनीतून वाट काढता येत असेल तर बहुतेक अनुभवी डॉक्टर तीच वाट धरतात, कारण शिरेतला स्टेंट पुढे पुन्हा आखडण्याची शक्यता जास्त असते.

पत्रावरून दिसते तेवढ्यापुरते माझे मत सांगतो. वडिलांचे दुखणे केवळ चढावर होते आणि थांबले की जाते, म्हणजे ते आज स्थिर आहे. तिसऱ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नाडीचा वेग आणि रक्तदाब ताब्यात आणणारी व छातीचे दुखणे कमी करणारी औषधे पूर्ण मात्रेत सहा-आठ आठवडे घेऊन पाहावीत. त्याच काळात हृदयाच्या किती स्नायूला रक्त कमी पडते, याची तपासणी व्हावी. तो भाग मोठा निघाला किंवा औषधे घेऊनही मळ्यातून घरी येणे अवघडच राहिले, तर स्टेंट, आणि स्टेंट शक्य नसेल तरच दुसरी बायपास, असा क्रम मला योग्य वाटतो. बसल्या जागी किंवा रात्री झोपेत दुखू लागले, तर मात्र हा सगळा क्रम मोडतो. त्या क्षणी कोणाच्याही मताची वाट न पाहता त्यांना रुग्णालयात न्यावे.

प्रश्न : माझे यजमान ६१ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. चौदा वर्षांपूर्वी हृदयविकाराच्या झटक्यानंतर घाईने त्यांची बायपास करावी लागली होती आणि तेव्हा तिन्ही जोडण्या पायाच्या शिरांच्या केल्या होत्या. आता त्यांतील दोन बंद आहेत आणि पुढच्या मोठ्या धमनीला जोडलेल्या तिसऱ्या शिरेत ऐंशी टक्के अडथळा आहे. पंपिंग (हृदयाची रक्त बाहेर ढकलण्याची क्षमता) ४० टक्के आहे. शल्यचिकित्सकांनी 'रेडो', म्हणजे दुसरी बायपास, करावी लागेल असे सांगितले. धोका नेमका किती टक्के? या शस्त्रक्रियेत वेगळे काय करतात? माजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांचीही दुसरी बायपास झाली होती, असे वाचले होते. (ठाणे)

उत्तर : आपले पत्र पहिल्या पत्रासारखे दिसत असले, तरी उत्तर जवळजवळ उलट आहे. आपल्या यजमानांच्या छातीतील रोहिणी अजून वापरलेलीच नाही. म्हणजे बायपासचा जो सर्वांत टिकाऊ भाग, तो त्यांना आजवर मिळालेलाच नाही आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत तो मिळू शकतो. शिवाय पुढच्या मोठ्या धमनीला रक्त पुरवणारी जुनी शीर आखडत जाणे ही धोक्याची खूण आहे. अशा रुग्णांना औषधांवर सोडून दिले तर पुढची काही वर्षे चांगली जात नाहीत, हे जुन्या अनुभवावरून माहीत आहे. मधुमेह, मंदावलेले पंपिंग आणि एकाहून अधिक धमन्यांतील अडथळे या तिन्ही गोष्टी पारडे शस्त्रक्रियेकडेच झुकवतात. आपल्या शल्यचिकित्सकांचा सल्ला मला योग्य वाटतो.

आता धोका. पहिल्या, ठरवून केलेल्या बायपासमध्ये मृत्यूचे प्रमाण चांगल्या केंद्रांत साधारण १ ते २ टक्के असते. दुसऱ्या बायपासमध्ये ते त्याच्या दोन ते तीनपट धरावे. अमेरिकेतील हृदयशल्यचिकित्सकांच्या राष्ट्रीय नोंदींनुसार दुसऱ्या बायपासमधील मृत्यूचे प्रमाण २००० साली सुमारे ६ टक्के होते, ते २००९ पर्यंत ४.६ टक्क्यांवर आले. त्याच काळात एकूण बायपासमध्ये दुसऱ्या बायपासचा वाटाही ६ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर उतरला, कारण स्टेंट आणि कोलेस्टेरॉलची औषधे यांमुळे बऱ्याच रुग्णांवर ही वेळच येईनाशी झाली. जे रुग्ण शस्त्रक्रियेसाठी उरले ते वयाने आणि आजारांनी अधिक जर्जर होते, तरीही निकाल सुधारले, हे मला महत्त्वाचे वाटते.

परंतु हे आकडे सरासरीचे आहेत आणि आपले यजमान म्हणजे सरासरी नव्हे. त्यांचा धोका मुख्यतः मूत्रपिंडांची स्थिती, पंपिंग, फुप्फुसे, साखरेवरील नियंत्रण आणि शस्त्रक्रिया ठरवून होते की घाईत, यांवर ठरेल. क्लीव्हलँडच्या शल्यचिकित्सकांनी आपल्या हजारो शस्त्रक्रियांचा अभ्यास करून असा निष्कर्ष काढला की अनुभवी हातांत छाती दुसऱ्यांदा उघडण्याचा स्वतःचा असा वेगळा धोका अलीकडे फारसा उरलेला नाही. दुसऱ्या शस्त्रक्रियेला येणारा रुग्णच पहिल्या वेळेपेक्षा अधिक आजारी असतो आणि जादा धोका प्रामुख्याने तिथून येतो. म्हणून मी आपल्याला कळकळीने सांगेन की विचार करण्यात सहा महिने घालवू नका. आज ठरवून होणारी शस्त्रक्रिया उद्या झटका आल्यावर मध्यरात्री करावी लागली, तर हेच आकडे कितीतरी पट वाईट होतात.

शस्त्रक्रियेत वेगळे काय, हे आपण विचारले आहे. पहिल्या वेळी हृदय आपल्या आवरणात मोकळे असते. दुसऱ्या वेळी हृदय, फुप्फुसे आणि हाडाची मागची बाजू हे सगळे एकमेकांना चिकटलेले असते. ते सोडवण्यातच दोन-दोन तास जातात. म्हणून आधी छातीचे सीटी स्कॅन करून हाड आणि हृदय यांत किती अंतर आहे आणि जुन्या शिरा कोणत्या बाजूने गेल्या आहेत, हे पाहतात. भूल दिल्यावर छातीला आणि पाठीला विजेचा झटका देण्याच्या पट्ट्या आधीच चिकटवून ठेवतात, रक्ताच्या पिशव्या खोलीत आणून ठेवतात आणि पुष्कळदा जांघेतील रक्तवाहिनी उघडी करून ठेवतात, म्हणजे हाड कापताना रक्तस्राव झालाच तर काही मिनिटांत रुग्णाला हृदय-फुप्फुसांचे काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर घेता येते. मग जुन्याच व्रणावरून छेद. पहिल्या वेळी हाड शिवलेल्या स्टीलच्या तारा पुढून कापतात, पण मागे तशाच राहू देतात, कारण करवतीचे पाते आणि हृदय यांच्यामध्ये तेवढाच एक अडसर असतो. करवतही वेगळी, कंपनाने चालणारी वापरतात. मी इतक्या वर्षांत या शस्त्रक्रिया केल्या, पण हाडाची शेवटची पातळ पट्टी सुटेपर्यंतच्या त्या काही मिनिटांत खोलीत कोणी अवाक्षर काढल्याचे मला आठवत नाही.

आत गेल्यावर पहिला नियम असा की जुन्या शिरांना हात लावायचा नाही. एकदा अशी शीर काढून कापून पाहिली, तेव्हा आत पिवळसर, ओल्या भाकरीच्या कुस्करासारखा गाळ भरलेला होता. ती नुसती दाबली तरी तो गाळ पुढे सरकून हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. दुसऱ्या बायपासमध्ये जे रुग्ण दगावतात, त्यांतील बऱ्याच जणांच्या बाबतीत कारण शस्त्रक्रियेच्या वेळी हृदयाच्या स्नायूला झालेली इजा हेच असते. म्हणून स्नायूचे रक्षण हे शल्यचिकित्सकाचे खरे काम. पहिल्यापेक्षा ही शस्त्रक्रिया दीड ते दोनपट वेळ घेते. रक्त अधिक लागते आणि अतिदक्षता विभागातले एक-दोन दिवस वाढतात. आपण बाहेर बसलेल्या असाल आणि सहा-सात तास कोणी काही सांगितले नाही, तर काही विपरीत घडले असे मनात आणू नका.

डॉ. मनमोहन सिंग यांचे उदाहरण खरे आहे. त्यांची पहिली बायपास १९९० मध्ये ब्रिटनमध्ये झाली होती आणि पुढे त्यांना अँजिओप्लास्टीही करावी लागली. २४ जानेवारी २००९ रोजी, पंतप्रधानपदावर असताना, दिल्लीच्या 'एम्स'मध्ये मुंबईच्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटचे डॉ. रमाकांत पांडा यांच्या नेतृत्वाखालील पथकाने त्यांची दुसरी बायपास केली. तीत पाच जोडण्या केल्या गेल्या. त्या वेळी ते ७६ वर्षांचे होते आणि त्यांनाही मधुमेह होता. काही आठवड्यांत ते कामावर परतले, त्याच वर्षी पुन्हा पंतप्रधान झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. म्हणजे दुसऱ्या बायपासनंतर ते जवळजवळ सोळा वर्षे जगले. हे उदाहरण धीर देणारे आहे. तरी प्रत्येकाला तेवढे आयुष्य मिळेल, असे मी म्हणणार नाही. जुन्या मोठ्या नोंदींनुसार दुसऱ्या बायपासनंतर पाच वर्षांनी साधारण तीन-चतुर्थांश आणि दहा वर्षांनी निम्म्याहून थोडे अधिक रुग्ण हयात असतात. छातीचे दुखणेही बहुतेकांचे खूप कमी होते, पण पहिल्या वेळेइतके पूर्णपणे जाईलच असे नाही.

शल्यचिकित्सकांना तीन गोष्टी अवश्य विचारा. वर्षाला किती दुसऱ्या बायपास ते स्वतः करतात. छातीतील डावी रोहिणी वापरणार का. आणि उरलेल्या जोडण्यांसाठी शीर कुठून घेणार. पायाची चांगली शीर पहिल्या वेळीच संपलेली असते, म्हणून दोन्ही पायांची आणि हातांची डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्तवाहिन्या पाहण्याची) तपासणी आधीच व्हायला हवी. साखर या काळात काटेकोर सांभाळा. उरोस्थी भरून येण्यात मधुमेहाचा अडथळा सर्वांत मोठा असतो आणि दुसऱ्यांदा कापलेल्या हाडाला तो अधिकच जाणवतो.

प्रश्न : माझी बायपास होऊन फक्त आठ महिने झाले. दुसऱ्याच कारणासाठी सीटी स्कॅन केले, त्यात तीनपैकी पायाची एक शीर बंद असल्याचे दिसले. मला काहीही त्रास नाही. शस्त्रक्रिया नीट झाली नाही, असे समजायचे का? आता दुसरी बायपास लागेल का? (फोंडा, गोवा)

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर बहुधा 'नाही' असेच आहे. चांगल्या शल्यचिकित्सकाच्या हातूनही पायाच्या शिरांपैकी दहांतील एक-दोन पहिल्या वर्षातच बंद पडतात. शीर ही मुळात कमी दाबाचे रक्त वाहून नेण्यासाठी घडलेली असते आणि तिला एका दिवसात धमनीचे काम लावले जाते. पहिल्या महिन्यात बंद पडली तर बहुधा गुठळीमुळे, त्यानंतर वर्षभरात आतला थर जाड झाल्यामुळे, आणि तीन-चार वर्षांनंतर मूळ धमन्यांना झाला तोच आजार तिलाही झाल्यामुळे. याखेरीज आणखी एक कारण असते, ते रुग्णांना क्वचितच सांगितले जाते. मूळ धमनीतला अडथळा फार मोठा नसेल, तर रक्त जुन्याच वाटेने जात राहते आणि नवी जोडणी वापराविना आखडते. आपल्याला त्रास होत नाही, यावरून आपल्या बाबतीत तसेच झाले असण्याची शक्यता आहे. बंद शीर उघडण्यासाठी किंवा बदलण्यासाठी, त्रास नसताना काहीही करू नये. आपल्या डॉक्टरांशी बोलून ताणचाचणी (स्ट्रेस टेस्ट) तेवढी करून घ्या आणि ॲस्पिरिन व स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) एक दिवसही चुकवू नका.

प्रश्न : मी ८१ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. वीस वर्षांपूर्वी बायपास झाली. आता दोन जिने चढले की छाती दाबल्यासारखी होते. मूत्रपिंडेही थोडी कमजोर आहेत. मुले दुसऱ्या बायपाससाठी मुंबईला न्यायचे म्हणतात. मला ती नको आहे, पण मुलांचे मन मोडवत नाही. नकार देणे चुकीचे ठरेल का? (अकोला)

उत्तर : गुरुजी, आपले पत्र मी दोनदा वाचले. नकार देणे मुळीच चुकीचे नाही. आपल्या वयात आणि मूत्रपिंडांच्या या अवस्थेत शस्त्रक्रियेचा धोका वर दिलेल्या सरासरीच्या बराच पुढे जातो. शस्त्रक्रियेतून वाचले तरी मूत्रपिंडे अधिक बिघडणे, अर्धांगवायूचा झटका येणे, अंथरुणावरून उठायला महिने लागणे, हे सगळे शक्य असते. त्याच्या बदल्यात मिळायचे काय, तर दुसऱ्या मजल्यावर न थांबता चढता येणे. जो त्रास पहिल्या मजल्यावर राहायला गेल्याने निम्मा होईल, त्यासाठी छाती पुन्हा उघडावी, असे मी आपल्याला सांगणार नाही.

पण नकार म्हणजे सगळे सोडून देणे नव्हे. छातीचे दुखणे कमी करणारी औषधे तीन-चार प्रकारची असतात आणि बहुतेक रुग्णांना त्यांतील एक-दोनच, तीही अर्ध्या मात्रेत दिलेली असतात. जिना चढण्याआधी जिभेखाली नायट्रोग्लिसरिन या औषधाचा फवारा मारण्याची सवय ठेवली, तरी पुष्कळ फरक पडतो. रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्या. या वयात ते कमी असले तर त्यानेही छाती दाबते आणि त्यावर सोपा उपाय आहे. एखाद्याच धमनीत स्टेंट बसवून आराम मिळण्यासारखा असेल, तर तेवढे जरूर करून घ्या. मात्र त्यासाठी धमनीत सोडल्या जाणाऱ्या रंगद्रव्याचा मूत्रपिंडांवर होणारा परिणाम आधी विचारा. मुलांना हा अंक दाखवा. आपल्या पत्रात "मन मोडवत नाही" हे शब्द आहेत. ते त्यांच्यासमोर एकदा स्वतःच्या तोंडाने उच्चारावेत, एवढी माझी विनंती आहे.

प्रश्न : वय ४८. पुढच्या महिन्यात माझी पहिली बायपास आहे. दुसरी करावी लागू नये यासाठी आत्ताच काय करता येईल? (पुणे)

उत्तर : शस्त्रक्रियेआधी विचारायचा एकच प्रश्न सांगतो : किती जोडण्या रोहिणीच्या करणार? आपल्या वयात छातीच्या दोन्ही रोहिण्या किंवा एक छातीची आणि एक मनगटाची रोहिणी वापरता आली, तर पुढच्या वीस वर्षांचा विचार केल्यासारखे होते. मनगटाची रोहिणी पायाच्या शिरेपेक्षा अधिक टिकते, हे अलीकडच्या चाचण्यांत दिसले आहे. अँजिओग्राफी ज्या मनगटातून झाली, त्या हाताची रोहिणी मात्र जोडणीसाठी वापरू नये. नंतरचे सगळे आपल्या हाती आहे. तंबाखू, मशेरी, सिगारेट कायमची बंद. ॲस्पिरिन आणि स्टॅटिन जन्मभर. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ७० च्या खाली आणि शक्यतो ५५ च्या आसपास ठेवावे. वर्षभर बरे वाटले म्हणून गोळी बंद केलेले रुग्ण मी फार पाहिले आहेत.

प्रश्न : आमचे शेतीचे उत्पन्न बेताचे आहे. यजमानांची दुसरी बायपास सरकारी योजनेत बसेल का? पहिल्या बायपासचा एक हाताने लिहिलेला कागद सापडला, तो सोबत पाठवते. रुग्णालयातल्या मुलाने हा जुना कागद लागत नाही, असे सांगितले. तो ठेवावा का? (नांदेड जिल्हा)

उत्तर : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बायपास शस्त्रक्रियेचा समावेश आहे. योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. त्याला शिधापत्रिका, आधार कार्ड आणि अँजिओग्राफीचा अहवाल दाखवा आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी पूर्वमंजुरी मिळते का, हे दाखल होण्याआधीच लेखी विचारून घ्या. दुसऱ्या बायपासला रक्त आणि अतिदक्षता विभागातले दिवस जास्त लागतात. तो वाढीव खर्च कोणी द्यायचा, हेही तेव्हाच स्पष्ट झालेले बरे.

आता तो कागद. ताई, तो लागत नाही असे ज्याने सांगितले, त्याला ठाऊक नव्हते. तो शस्त्रक्रियेची नोंद आहे. तिच्या खालच्या बाजूला डॉक्टरांनी पेनने हृदयाचे चित्र काढले आहे आणि त्यावर तीन रेघा ओढून कोणती जोडणी कुठून निघाली, कुठे लावली आणि ती धमनी किती मिलिमीटरची होती, हे लिहिले आहे. छातीची रोहिणी हाडापासून दूर, फुप्फुसाच्या कडेने नेली असल्याचीही एक ओळ त्यात आहे. दुसऱ्यांदा छाती उघडणाऱ्याला याहून मोलाची माहिती नसते. माझ्या एका रुग्णाच्या पत्नीने असाच कागद पत्र्याच्या पेटीत पोस्टाच्या पासबुकासोबत चौदा वर्षे जपला होता आणि आदल्या रात्री तो माझ्या हाती दिला. त्यातल्या चित्रावरून कळले की एक शीर उजवीकडून, नेहमीपेक्षा वेगळ्या वाटेने नेली आहे. सीटी स्कॅनमध्ये ती बंद असल्यामुळे नीट दिसली नव्हती. सकाळी आम्ही हाड कापण्याची बाजू बदलली. इतर अनेकांच्या बाबतीत मात्र जुने रुग्णालय बंद झालेले होते, कागद पुरात गेले होते किंवा रद्दीत टाकले होते, आणि आम्हाला चाचपडत पुढे जावे लागले.

आपला मूळ कागद टपालाने परत पाठवला आहे. त्याची शाई फिकट होत चालली आहे, म्हणून दोन छायाप्रती काढून सोबत ठेवल्या आहेत. एक प्रत शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना द्या आणि मूळ कागद आपल्याजवळच राहू द्या.